देवकाबाईच्या बांध्या

संध्याकाळी देवकाबाई फेरीला निघाली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्या गल्लीचा नियम होता. फेरी म्हणजे ती कुठं जायची नाही. स्वतःच्याच ओट्यावर पाय खाली सोडून बसायची, डावा हात मांडीवर उताणा ठेवायची, आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या करंगळीपासून निघायचा. एकेका गाठीवर थांबत, दाबत, मनगट, कोपर, दंड असं करत तो खांद्यापर्यंत जायचा. ओठ हलत असायचे. खांद्यावरची शेवटची गाठ दाबून झाली की ती मान वर करायची आणि समोर जो कोणी असेल त्याला सांगायची, "सगळ्या गप हायेत." त्यानंतर तुम्ही खुशाल तिला मिरच्यांचा भाव विचारा, नाहीतर कोणाची सून कोणाशी भांडली ते विचारा.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा मला वाटलं, बाई जप करते. तिच्या भावाची बायको सुमन माझ्याच वयाची. ती पदर तोंडाला लावून हसली. "जप कायचा, वंदनाताई. बांध्या पाहून राहिल्या थ्या."

मी तुमसरची, धानाच्या बाजारपेठेतली. तुमसरच्या माणसाला धान पोत्यात दिसतो, शेतात दिसत नाही. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा, एवढं मला ठाऊक होतं. पण जुन्या गावात प्रत्येक बांधीला नाव असायचं आणि घरातल्या लेकरासारखी ती नावानं ओळखली जायची, हे मला देवकाबाईनं शिकवलं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. सरकारनं आखून दिलेल्या सरळ रस्त्यांच्या या नव्या गावात घरं आली, गुरं आली, विहारातली बुद्धमूर्ती वाजतगाजत आली. बांध्या तेवढ्या आल्या नाहीत. देवकाबाईचं म्हणणं, तिच्या आल्या.

तिच्या डाव्या हाताला लहानपणापासून गाठी होत्या. हाडातून उगवलेल्या, सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या, दगडासारख्या कडक. बोटं त्यामुळं वाकडीतिकडी झालेली, आणि सबंध हातच उजव्यापेक्षा आखूड. धरणाचं पाणी चढलं त्या वर्षी तिनं त्या गाठींना बुडालेल्या बांध्यांची नावं दिली. करंगळीवरची लांबट ती चिंधी. मनगटावरची मोहाखालची. कोपराजवळची वाकडी. आणि खांद्यावरची सगळ्यात मोठी, ती मसनाकडली. ती बांधी खरोखरच मसणवट्याला लागून होती आणि सगळ्यात जास्त धान तिच्यातच व्हायचा. डाव्या बरगडीवरही एक बारकीशी गाठ होती. तिला नाव नव्हतं. "थे पडीत हाये," ती म्हणायची, आणि फेरीत तिला वगळायची.

हाडाच्या गाठींशिवाय तिच्या कातडीवर निळसर, मऊ फुगवटे होते, हातावर बरेच आणि मानेवर एक-दोन. त्या बोड्या. आमच्याकडे शेताच्या वर पाणी साठवायला लहान तळं असतं, त्याला बोडी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि मनगटाजवळचा एक निळा फुगा अंगठ्यानं दाबून धरला. फुगा सपाट झाला.

"पाह्य, बोडी सुकली." मग अंगठा उचलला. फुगा हळूहळू निळा होत वर आला. "आता भरली. बांध्यायले पाणी कोठून येईन मग?"

मी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं मीच निर्लज्जासारखी नव्या सुनांना तिच्याकडे न्यायला लागले. गल्लीतली पोट्टी तर बोडी दाबायला रांग लावायची. फक्त कोणी नख लावायचं नाही, एवढी तिची अट होती. कारण बोडी एकदा फुटली की रक्त थांबता थांबत नसे. एकदा पाटा उचलताना एक फुटली, तर सुमननं दोन साड्या बांधल्या आणि त्याही भिजल्या. देवकाबाई मात्र ओट्यावर पडून सुमनलाच धीर देत होती.

वयानं ती पन्नाशीची, अविवाहित. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, म्हणजे मोठी बहीण, आणि बहिणीशी बोलावं तसं एकेरीत बोलायचं. सुमन तेवढी नणंद म्हणून तुम्ही-आम्ही करायची. लग्नाचं विचारलं की ती रागवायची नाही. "पाव्हणे आले ना. चारदा आले. हात पाह्यला, पोहे खाल्ले, गेले. पोहे मात्र एकानं बी सोडले नाही." तिला बिचारी म्हटलेलं मात्र खपायचं नाही. एका आजीनं एकदा सहज "बिचारीचा हात" असं म्हटलं, तर देवकाबाईनं वर्षभर त्या घरचा चहा सोडा, पाणीसुद्धा घेतलं नाही.

तिची आणखी एक तऱ्हा म्हणजे ती धरणाची मासोळी खायची नाही. आमच्या गावात आठवड्यातून तीनदा रोहू शिजतो. वास आला की ती दार लावून घ्यायची. मी एकदा वाटी घेऊन गेले. तिनं वाटीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे परत सरकवली. "थे माह्या बांधीत चरून मोठी झाली. तिले म्या कशी खाऊ?" मला हसू आलं, पण त्या दिवशी मलाही ती भाजी गोड लागली नाही.

आमच्या भागात हाड दुखलं की लोक एकच नाव घेतात, सिकल. रक्ताचा तो आजार इकडे घरोघरी आहे, त्यामुळं त्यात चूक म्हणावं असं काही नाही. देवकाबाईच्या गाठींनाही गावानं सिकल ठरवून टाकलं होतं. तपासणीचं शिबिर विहारात भरलं तेव्हा सगळ्यांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. रक्त तपासलं, तर सिकलचं नावनिशाण नाही. लोक हिरमुसले. एक म्हातारा म्हणाला, "नाही कसं? मंग हाये काय?" देवकाबाई म्हणाली, "माहा सातबारा हाये, बाबा." शिबिरातली डॉक्टरीण तरुण होती. ती हसली नाही. तिनं हात उलटासुलटा करून पाहिला, बोड्या दाबून पाहिल्या आणि मनोहरला, म्हणजे देवकाबाईच्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं की नागपूरला न्या.

नागपुरात पहिल्यांदा त्या आजाराला नाव मिळालं. माफुची. असा आजार लाखातही क्वचित कोणाला होतो, असं डॉक्टर म्हणाले. हाडांत कूर्चेच्या गाठी आणि कातडीवर रक्तवाहिन्यांचे फुगवटे, दोन्ही एकाच माणसाला. आईबापाकडून येत नाही, कोणाच्या पापानं होत नाही. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका तिच्या खाटेभोवती जमला. ती त्यांना एकेक गाठ नावानिशी दाखवत होती आणि एक मुलगी ते भराभर मोबाइलवर लिहून घेत होती. मोठे डॉक्टर शेवटी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. मनोहरनं त्यांचे शब्द घरी येऊन आम्हाला जसेच्या तसे सांगितले. गाठी गप आहेत तोवर त्यांना हात लावू नका. पण मार न लागता एखादी दुखायला लागली किंवा वाढायला लागली, तर त्याच आठवड्यात या. असल्या गाठीचा कधीकधी कॅन्सर होतो. लवकर कळलं तर माणूस वाचतो.

देवकाबाईची संध्याकाळची फेरी तेव्हापासून बदलली. त्याआधी ती गंमत होती, नावं घेण्यापुरती. आता तिच्यात पहारा आला. तिनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. पावसाळ्यात धुरा कुठं फुटणार हे बांधीला कळत नाही. एवढंसं खेकड्याचं बीळ असतं, त्यातून पाणी झिरपतं, सकाळी पाहावं तर अख्खी बांधी रिकामी. म्हणून शेतकरी दिवस मावळताना धुऱ्यावरून फेरी मारतो, पाय दाबून दाबून पाहतो. "जो फिरते, त्याचीच बांधी टिकते," ती म्हणायची. मी ओट्यावर तिच्या शेजारी भाजी निवडत बसायची. अंगठा खांद्याकडे चढायला लागला की माझे हात आपोआप थांबायचे. "सगळ्या गप हायेत" ऐकलं की पुन्हा चालू व्हायचे. ही भीती मला कधी लागली ते कळलंच नाही.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जायचं. तेव्हा ती आम्हाला घेऊन काठावर जायची. चिखलात मोहाचं वाळलेलं खोड वर आलेलं दिसायचं. ती आखूड हात पुढं करून दाखवायची, थे मोहाखालची, थे तिकडे वाकडी. मसनाकडली कधी उघडी पडली नाही. तिच्यावर कितीही उन्हाळा झाला तरी पाणी राहायचं. देवकाबाई तिकडे बघत खांद्याला हात लावायची. मला ते आवडायचं नाही आणि मी तिला चल चल करत घरी आणायची.

सुमनचं माहेर नाकाडोंगरीकडचं, जंगलातलं. तिथं कुठलीही गाठ, कुठलीही सूज, पहिलं औषध म्हणजे बिब्बा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याचा चटका द्यायचा. गाठ जिरते म्हणतात. सुमनच्या आईनं तिच्या बापाच्या पाठीवरची गाठ म्हणे अशीच जिरवली होती. सुमन नणंदेच्या मागं वर्षानुवर्षं लागली होती, एकदा करून पाहू, एकदाच. देवकाबाई हसून उडवून लावायची. त्या वर्षी संक्रांतीनंतर सुमन माहेरून आली ती पदराच्या गाठीत निवडून आणलेले बिब्बे घेऊन. तिनं स्वतः झाडाखाली बसून वेचले होते. देवकाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ब्लाउजची बाही वर केली. "लाव बाप्पा. तुह्या मनात राह्यलं नाही पाह्यजे."

सुमननं बिब्बा मसनाकडलीला लावला, कारण तीच सगळ्यात मोठी.

दुसऱ्या दिवशी खांदा फुगला. बिब्बा उतला होता. फोड आले, पाणी वाहायला लागलं. सुमननं खोबरं उगाळलं, तीळ वाटले, ताकाच्या घड्या ठेवल्या, रडून रडून डोळे सुजवून घेतले. बिब्बा उतणं आमच्याकडे नवीन नाही. कातडी महिन्याभरात भरली, काळा डाग राहिला. खांद्याचं दुखणं मात्र राहिलंच.

डाग भरल्यानंतर एका संध्याकाळी अंगठा मसनाकडलीवर आला आणि ती दचकली. मी पाहिलं. मी विचारलं, "बोलली का, बाई?"

"बोलते. पण थे बिब्ब्यानं बोलून राहिली."

आणि सगळ्यांनी तेच मानलं. शहाण्या माणसांनी मानलं, मीही मानलं. बिब्ब्याची आग आत उतरली, हाडाला लागली, ती निघायला वेळ लागतो, असं सगळे म्हणत. तेव्हा सगळी औषधं थंड. काकडीचा रस, धन्याचं पाणी, खोबरेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मार न लागता दुखली तर या. इथं तर कारण डोळ्यांसमोर होतं, काळा डाग होऊन बसलेलं. दुखण्याला कारण मिळालं की माणूस निर्धास्त होतो. होळी गेली, बुद्धपौर्णिमेची खीर झाली. देवकाबाई खीर वाढायला उभी राहिली आणि पळी तिच्या हातातून पडली. उजव्या हातातून. डाव्या खांद्याची कळ इतकी आली होती. तेव्हा मनोहर घरात गेला आणि गाडी ठरवायला फोन लावायला लागला.

नागपूरहून परत आल्यावर सुमन आधी माझ्याकडे आली. दारातच बसली. चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. गाठ बिघडली होती. हात खांद्यासकट काढावा लागणार होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून दुखतं.

"म्या म्हणणारच होती का बिब्बा लावला तवापासून. रडून राहिली होती म्या. तं बाई मधातच बोलल्या. म्हणे, नाही डॉक्टरसाहेब, थे तं दिवाळीच्या आधीपासून दुखून राहिली होती, म्याच कोणाले सांगतलं नाही. वंदनाताई, असं कोणी करते का? घरात एवढी माणसं असून?"

मी तिला पाणी दिलं. दिवाळी ते संक्रांत, एकही संध्याकाळ मी चुकवली नव्हती. माझ्या शेजारी बसून देवकाबाई रोज मान वर करायची आणि म्हणायची, सगळ्या गप हायेत. आणि बिब्ब्यानंतर ती जशी दचकली, तसं त्याआधी कधी दचकली नव्हती. सुमन पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि घरी जाऊन तिनं कित्येक महिन्यांनी पोटभर जेवण केलं असावं, कारण त्या दिवशी त्यांच्याकडून फोडणीचा वास आला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आणि माझे मालक भेटायला गेलो होतो. देवकाबाई तिथल्या एका शिकाऊ डॉक्टराशी हुज्जत घालत होती. "हात काढता थे ठीक. पण ठेवता कोठी? माह्या बांध्या हायेत त्याच्यात." तो पोरगा गोंधळून कागद चाळायला लागला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दोनदा पाण्यात गेल्या म्हणजे माह्या." तिला वाटलं मी हसेन. मला हसू आलं नाही. मी तिच्या पायावरची चादर नीट करत बसले.

ती परत आली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. रिकामी बाही सुमननं दुमडून पिनेनं टाचली होती. पोट्टी आली, लांब उभी राहिली. तिनं मानेवरची बोडी दाखवून त्यांना बोलावलं, "या ना बे, एक शिल्लक हाये." तरी कोणी पुढं आलं नाही. मग एक धीट पोरगी आली, बोट लावलं, आणि सगळे पुन्हा तिच्या भोवती जमले. ओटा पुन्हा पहिल्यासारखा झाला, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

पुढचं मी लवकर सांगून टाकते. खाली जी संध्याकाळ सांगणार आहे, तिच्या दुसऱ्या सकाळी मी मनोहरला नळावर गाठून सगळं सांगितलं आणि त्यानं त्याच दिवशी तिला पुन्हा नागपूरला नेलं. गाडी निघाली तेव्हा मी माझ्या लेकराला घेऊन दवाखान्यात होते, त्यामुळं तिला जाताना पाहिलं नाही. ती परत आली नाही. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमाराला मनोहरचा फोन आला. माझ्या डोळ्यांत राहिलेली देवकाबाई आदल्या संध्याकाळची आहे.

पाऊस थांबून उघडीप पडली होती. ती ओट्यावर बसली होती. मी समोरच्या माझ्या ओट्यावर तांदूळ पाखडत होते. सुमन तिच्या मागं दारात बसून तिची वेणी घालत होती, कारण एका हातानं वेणी घालता येत नाही. देवकाबाईचा अंगठा निघाला. जिथं करंगळी असायला हवी तिथून, हवेतून, हळूहळू वर. ओठ हलत होते. चिंधी, मोहाखालची, वाकडी. जिथं जिथं गाठ होती तिथं तिथं तो हवेत थांबत होता. माझं सूप हातातच राहिलं. रिकाम्या खांद्याशी मसनाकडलीवर तो थांबला, बराच वेळ थांबला. फेरी तिथंच संपायची. त्या दिवशी संपली नाही. अंगठा पदराखालून खाली उतरला आणि बरगडीवर गेला. ज्या गाठीला तिनं कधी नाव दिलं नव्हतं, त्या गाठीवर. त्यानं दाबलं. देवकाबाईचे डोळे मिटले, खालचा ओठ दातांत गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं डोळे उघडले तेव्हा ती सरळ माझ्याकडे बघत होती.

सुमनला मागून तिचा चेहरा दिसत नव्हता. तिनं वेणीला गाठ मारली आणि वाकून विचारलं, "झाली का फेरी, बाई? कोणी बोललं तं नाही?"

"नाही व," देवकाबाई माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. "सगळ्या गप हायेत."

सुमन हसली, फणीतले केस काढत उठली, आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायला आत गेली. देवकाबाईचा अंगठा पडितावरच होता.